रोलर कोस्टरची रांग: क्षमता, प्रतीक्षा आणि न्याय

मोठ्या मनोरंजन उद्यानात गेलेल्या कुटुंबाचा दिवसातला बराच वेळ राइडवर न जाता रांगेत जातो. दोन-अडीच मिनिटांच्या रोलर कोस्टरसाठी तास-दीड तास उभं राहावं लागणं जगभर नित्याचं झालं आहे. १३ जून २०१९ रोजी फ्लोरिडातल्या युनिव्हर्सल उद्यानात हॅग्रिड या कथापात्राच्या नावाचा नवा कोस्टर सुरू झाला, तेव्हा पहिल्याच दिवशी प्रतीक्षेचा वेळ दहा तासांवर पोचला होता. गर्दी, यंत्र आणि पैसा यांचं हे नातं कसं हाताळावं यावर गेली पंचवीस वर्षं उद्यानचालक, गणिती, अर्थतज्ज्ञ, नीतिचिंतक आणि हौशी पर्यटक वाद घालत आहेत.

या चर्चेत तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. रांग मुळात कमी कशी करायची? जी उरेल ती सुसह्य कशी करायची? आणि कुणी किती थांबायचं, हे कोण ठरवणार? ज्या उपायाचं कौतुक पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून होतं, तो पुष्कळदा तिसऱ्याचं उत्तर असतो. म्हणून हा आढावा तिन्ही प्रश्न शक्य तितके वेगळे ठेवून घेतला आहे.

पार्श्वभूमी: राइडच्या तिकिटाकडून एकाच तिकिटाकडे

१८८४ मध्ये लामार्कस थॉम्प्सन यांनी न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर 'स्विचबॅक रेल्वे' सुरू केली. भाडं पाच सेंट, वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. एका टोकाला पोचल्यावर प्रवासी उतरत, गाडी दुसऱ्या रुळावर चढवली जाई आणि मग परतीचा प्रवास होई. रुळावर एका वेळी एकच गाडी असेल, तर ती परत येईपर्यंत पुढच्यांना थांबणं भाग असतं.

ही मर्यादा मोडण्यात १९५९ साल महत्त्वाचं आहे. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये अॅरो डेव्हलपमेंट कंपनीनं बांधलेला मॅटरहॉर्न सुरू झाला. पोलादी नळ्यांचे रूळ हे त्याचं वैशिष्ट्य सगळ्यांना माहीत आहे. रांगेच्या दृष्टीनं त्याची दुसरी बाजू अधिक मोलाची: रेल्वेप्रमाणे त्याचा मार्ग टप्प्यांत, म्हणजे ब्लॉकमध्ये विभागला होता आणि पुढचा ब्लॉक मोकळा असल्याशिवाय मागची गाडी त्यात शिरू शकत नव्हती. त्यामुळे एकाच मार्गावर अनेक गाड्या सुरक्षितपणे धावू लागल्या. आजही प्रत्येक मोठा कोस्टर याच तत्त्वावर चालतो.

त्याच वर्षी डिस्नेलँडनं सर्वांत लोकप्रिय राइडसाठी 'ई' वर्गाचं तिकीट आणलं. तोवर तिथे अ पासून ड पर्यंतच्या वर्गांची तिकिटं पुस्तिकेत मिळत. ज्या राइडला मागणी जास्त, तिचं तिकीट महाग. म्हणजे किंमतच गर्दी आवरत होती. १९६१ मध्ये सिक्स फ्लॅग्ज ओव्हर टेक्सस या उद्यानानं दारात एकदाच पैसे घ्यायची पद्धत रुजवली. डिस्नेनंही १९८२ मध्ये पुस्तिका बंद केल्या. आत गेल्यावर सगळं 'फुकट' झालं आणि किंमतीची जागा रांगेनं घेतली.

अर्थतज्ज्ञांना हा विषय लवकर दिसला. वॉल्टर ओई यांनी १९७१ मध्ये डिस्नेलँडचंच उदाहरण घेऊन प्रवेशमूल्य आणि राइडमूल्य यांच्या जोडीचा सिद्धान्त मांडला. रॉबर्ट बॅरो आणि पॉल रोमर यांनी १९८७ मध्ये बर्फावरच्या स्की-लिफ्टच्या निमित्तानं एक वेगळा मुद्दा पुढे आणला: प्रवेशाचं एकच तिकीट असलं तरी गर्दी वाढली की वाट्याला येणाऱ्या फेऱ्या घटतात, म्हणजे प्रत्येक फेरीची किंमत आपोआप वाढते. त्यांच्या दृष्टीनं रांग असणं हा दरवेळी गैरव्यवस्थेचा पुरावा ठरत नाही. पुढच्या सगळ्या वादाची बीजं या दोन लेखांत सापडतात.

तासाचं गणित

कोस्टरची क्षमता तासाला किती माणसं फिरून येतात यावर मोजतात. ओहायोतल्या सीडर पॉइंट उद्यानातला मिलेनियम फोर्स घ्या. तीन गाड्या, प्रत्येकीत ३६ आसनं आणि तासाला सुमारे १,३०० प्रवाशांची सैद्धान्तिक क्षमता. याचा अर्थ साधारण १०० सेकंदांना एक गाडी सुटली पाहिजे. हेच अंतर १२० सेकंद झालं तर तासाला ३० गाड्या, म्हणजे १,०८० माणसं. वीस सेकंदांच्या विलंबानं तासाला दोनशेहून अधिक जागा बुडाल्या. रांगेत १,३०० माणसं असतील तर शेवटच्याला तासाऐवजी बहात्तर मिनिटं थांबावं लागेल.

हा हिशेब जॉन लिटल यांच्या १९६१ च्या नियमाला धरून आहे. रांगेतली माणसं म्हणजे रांग सरकण्याचा वेग गुणिले प्रतीक्षेचा वेळ. रांगेची लांबी तीच असेल, तर वेळ कमी करायला वेग वाढवावाच लागतो.

हे सेकंद जातात कुठे? मार्ग कितीही वेगवान असला तरी बहुधा फलाटावर. लोक उतरतात, नवे चढतात, पिशव्या ठेवतात, पट्टे लावतात. मग कर्मचारी प्रत्येक आसनाचा दांडा ओढून पाहतात आणि दोन्ही बाजूंनी इशारा मिळाल्यावर गाडी सुटते. फलाटावरची गाडी वेळेत सुटली नाही, तर मागची ब्रेकवर उभी राहते आणि तिच्यामागे आणखी एक. गाडीतली माणसं फलाट समोर दिसत असून अडकून बसतात. या धंद्यात याला 'स्टॅकिंग' म्हणतात. कोस्टर कसा चालवला जातो हे जाणकार याच खुणेवरून ओळखतात.

यावरचे उपायही फलाटाभोवतीच फिरतात. माणसं आधीच ओळीनुसार उभी करणं, रिकाम्या आसनांसाठी एकट्या प्रवाशांची वेगळी रांग, सामानासाठी आधीचे लॉकर, अंगाला दांडा बसतो का हे पाहण्यासाठी प्रवेशद्वाराशी ठेवलेलं नमुना-आसन. प्रत्येक गाडीत दोनच जागा रिकाम्या गेल्या, तरी तासाला छत्तीस गाड्यांमागे बहात्तर माणसं मागे राहतात, म्हणून एकट्यांच्या रांगेला महत्त्व. सतत सरकणाऱ्या आसनांची डिस्नेची 'ऑम्निमूव्हर' पद्धत १९६७ पासून आहे. तिथे फलाट कधी थांबतच नाही. पण ती संथ, अंधाऱ्या सहलींना जमते. उंचावरून कोसळणाऱ्या कोस्टरला थांबून पट्टे तपासणं टळत नाही.

इथे खर्चाचा प्रश्नही येतो. कमी गर्दीच्या दिवशी उद्यानं एक-दोन गाड्या बाजूला ठेवतात, कारण प्रत्येक गाडीमागे देखभाल आणि माणसं लागतात. शिवाय कुठलंही उद्यान वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या दिवसासाठी बांधलं जात नाही. तसं बांधलं तर उरलेलं वर्ष त्याचा मोठा भाग रिकामा राहील. चालकांचा हा युक्तिवाद खोटा नाही. मात्र वर्षातून एकदाच, तेही सुट्टीच्या गर्दीत येऊ शकणाऱ्या कुटुंबाला त्या हिशेबाची झळ सर्वांत जास्त लागते.

वेग आणि सुरक्षितता

फलाटावरचे सेकंद वाचवावेत असं म्हणताना एक मर्यादा डोळ्यांआड करता येत नाही. २ जून २०१५ रोजी इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्स उद्यानात 'स्माइलर' कोस्टरवर माणसांनी भरलेली गाडी मार्गात अडकलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. सोळा जण जखमी झाले, दोन तरुणींचे पाय कापावे लागले. ब्लॉक यंत्रणेनं मागची गाडी बरोबर रोखली होती. पण पुढे गाडी अडकली आहे हे अभियंत्यांच्या लक्षात आलं नाही. इशारा चुकीचा समजून त्यांनी यंत्रणा बाजूला सारली. २०१६ मध्ये कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड झाला. तपास यंत्रणेनं दोष एकट्यादुकट्यावर न टाकता कंपनीच्या कार्यपद्धतीवर ठेवला.

त्याआधी जुलै २०१३ मध्ये न्यू टेक्सस जायंट या कोस्टरवरून एक महिला पडून मरण पावली. त्यानंतर तिथे दांड्याच्या जोडीला पट्टे आले आणि नमुना-आसन ठेवलं गेलं. तपासणीची प्रत्येक नवी पायरी फलाटावर काही सेकंद वाढवते. ते सेकंद वाया गेले असं कुणी जबाबदार माणूस म्हणणार नाही.

या मुद्द्यावर मतभेद उरतात ते वेगळ्या जागी. अनुभवी कर्मचाऱ्यांचा चांगला बसलेला गट वेगवान आणि दक्ष दोन्ही असू शकतो, असं एका गटाचं म्हणणं. हंगामी, कमी पगाराच्या, सतत बदलणाऱ्या कर्मचाऱ्यांवर ताशी आकड्यांचा ताण टाकणं धोक्याचं, असं दुसऱ्याचं. युरोपचं ईएन १३८१४ मानक किंवा अमेरिकेतल्या एएसटीएमच्या एफ-२४ समितीची मानकं रचना, तपासणी आणि चालवण्याचे नियम घालून देतात. घाईचा दबाव कर्मचाऱ्याच्या मनावर किती असावा, हे मानकात मोजता येत नाही.

थांबणं सुसह्य करणं

दुसऱ्या प्रश्नावर मानसशास्त्रानं बरंच काम केलं आहे. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये प्रतीक्षेच्या मानसशास्त्राची काही सूत्रं मांडली: रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, अनिश्चित प्रतीक्षा निश्चित प्रतीक्षेपेक्षा जड जाते आणि अन्यायानं थांबावं लागलं तर ते अधिक सलतं. एमआयटीचे रिचर्ड लार्सन यांनी १९८७ मध्ये रांगेतल्या सामाजिक न्यायावर भर दिला. मागून आलेला पुढे गेला, तर माणूस मिनिटांच्या हिशेबापलीकडे दुखावतो.

उद्यानांनी हे धडे उचलले. वळणावळणाची रांग, तिच्या वाटेवरची सजावट आणि कथा, मुलांसाठी खेळ, दाराशी प्रतीक्षेच्या मिनिटांची पाटी. डिस्नेमध्ये रांगेच्या तोंडाशी एखाद्याला लाल कार्ड देऊन फलाटावर परत घेत आणि त्यावरून खरा वेळ मोजत. पाटीवरचा आकडा प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त ठेवण्याची सवयही अभ्यासकांनी नोंदवली आहे. चाळीस मिनिटं सांगून पस्तीसमध्ये बसवलं की माणूस खूश होतो. असा फुगवलेला आकडा सौजन्याचा की दिशाभूल करणारा, यावर एकमत नाही. दिवसाचं नियोजन त्या आकड्यावर करणाऱ्याला तो खराच हवा असतो.

मोफत चिठ्ठीपासून विकत वेळेपर्यंत

तिसऱ्या प्रश्नाचा आधुनिक इतिहास १९९९ मध्ये डिस्नेच्या फास्टपासपासून सुरू होतो. यंत्रात तिकीट घातलं की परत यायच्या वेळेची चिठ्ठी मिळे. त्या वेळी वेगळ्या, छोट्या रांगेतून आत जाता येई. तिला पैसे पडत नसत. २०१४ मध्ये फ्लोरिडात फास्टपास प्लस आलं. तीन राइड आधीच राखून ठेवता येत. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना साठ दिवस आधी, इतरांना तीस दिवस आधी. मोफत सोय कायम होती, पण तिचा लाभ आता आधीच नियोजन करू शकणाऱ्यांकडे वळला.

सिक्स फ्लॅग्जनं वेगळा मार्ग धरला होता. ब्रिटनमधल्या लो-क्यू कंपनीचं 'क्यू-बॉट' हे छोटं यंत्र भाड्यानं घ्यायचं. पुढे त्याच्या पायऱ्या झाल्या: साध्या प्रकारात रांगेइतकाच वेळ, पण उभं न राहता. वरच्या प्रकारात निम्म्यापर्यंत वेळ वाचणार. सर्वांत महागड्यात नव्वद टक्क्यांपर्यंत. प्रतीक्षा अशी उघडपणे तुकड्यांत विकली गेली. युनिव्हर्सलचा एक्स्प्रेस पास आणि तेव्हाच्या सीडर फेअर कंपनीची फास्ट लेन याच घराण्यातल्या.

करोनाकाळात फास्टपास थांबला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच्या जागी डिस्नेनं जिनी प्लस आणलं: फ्लोरिडात दिवसाला १५ डॉलर, सर्वाधिक मागणीच्या राइडसाठी आणखी वेगळे. वर्षभरात दर तारखेनुसार बदलू लागले. २०२४ मध्ये या सेवेची नावं बदलली आणि त्याच वर्षी शेकडो डॉलर किमतीचा, वेळेचं बंधन नसलेला प्रीमियर पासही आला. दुसरीकडे कॉस्मिक रिवाइंड (२०२२) आणि ट्रॉन (२०२३) हे कोस्टर सुरू करताना डिस्नेनं मोफत आभासी रांग वापरली. ठरलेल्या वेळी मोबाइलवर नाव नोंदवायचं आणि बोलावणं आलं की जायचं. तिथे पैशांऐवजी बोटांची चपळाई आणि इंटरनेटचा वेग निर्णायक ठरला.

मुख्य भूमिका

पहिली भूमिका किंमतीची. दोन मुलांना घेऊन एकाच दिवसासाठी आलेल्या पालकांना वेळ मोलाचा असतो. वर्षभराचा पास असलेल्या तरुणाला तितका नसतो. ज्याला घाई आहे त्यानं जास्त द्यावं, त्या पैशातून नव्या राइड उभ्या राहाव्यात, असं हे मत. विमान, हॉटेल, चित्रपट यांत वेगवेगळे दर आपण मान्य करतोच, मग इथेच का नको, असा त्यांचा सवाल असतो.

दुसरी भूमिका समतेची. नीतिचिंतक मायकल सँडेल यांनी २०१२ च्या 'व्हॉट मनी कान्ट बाय' या पुस्तकात उद्यानांतल्या या विकत रांगांचा उल्लेख केला आहे. रांगेची स्वतःची एक नीती असते आणि बाजार तिला हळूहळू बाहेर ढकलतो, असा त्यांचा मुद्दा. उद्यान ही श्रीमंत-गरिबांची मुलं एकत्र थांबण्याच्या थोड्या जागांपैकी एक होती. त्याच दारात दोन वर्ग झाले की काहीतरी हरवतं. किंमतवादी यावर म्हणतात की प्रवेशाचं तिकीटच पुष्कळांना परवडत नाही, मग आतली समता किती खरी? समतावाद्यांचं उत्तर असं की दारात तिकीट काढताना सर्वांना सारखंच वचन दिलेलं असतं, आणि आत ते बदलतं.

तिसरी भूमिका गणितानं मांडली आहे. ती मला सर्वांत कमी ऐकली गेलेली वाटते. आभासी रांग असो वा विकतची, एकही नवं आसन तयार होत नाही. तासाला १,२०० माणसं नेणारा कोस्टर आणि साध्या रांगेत ६०० जण समजा. सगळी क्षमता त्यांची असेल तर शेवटचा अर्ध्या तासात बसतो. प्राधान्याच्या रांगेला ८०० जागा दिल्या, तर साध्या रांगेला ४०० उरतात आणि त्याच शेवटच्याला दीड तास लागतो. प्राधान्यातली माणसं एरवी याच रांगेत उभी असती, म्हणून केवळ एवढ्यावर सरासरी बदलत नाही. पण आभासी रांगेत नाव असलेला माणूस त्या वेळात दुसऱ्या राइडच्या रांगेत जातो. तो एकाच वेळी दोन ठिकाणी हजर असतो आणि सगळीकडच्या साध्या रांगा लांबतात. मोकळ्या झालेल्यांनी तो वेळ उपाहारगृहात किंवा दुकानात घालवला, तरच ताण हलका होतो. उद्यानाच्या उत्पन्नालाही तेच सोयीचं असतं.

दिव्यांग आणि सवलतीचा पेच

सगळेच सारखे थांबू शकत नाहीत. ऑटिझम असलेल्या मुलासाठी गर्दीतला तास असह्य असू शकतो. डिस्नेची जुनी मदत-कार्ड पद्धत अशांना वेगळ्या दारानं आत घेई. २०१३ मध्ये श्रीमंत कुटुंबं दिव्यांग 'मार्गदर्शक' भाड्यानं घेऊन रांग चुकवत असल्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी परतीची वेळ देणारी नवी पद्धत आली: थांबायचं तितकंच, पण रांगेबाहेर. २०२४ मध्ये तिचे निकष आणखी आवळले गेले आणि ती मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक दिव्यांगत्वापुरती राहिली. इतर आजारांच्या लोकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. गैरवापर आणि गरज यांत रेषा कुणी आणि कशी ओढावी, हा या क्षेत्रातला सर्वांत वेदनादायी प्रश्न आहे. विकत प्राधान्य जितकं महाग, तितका सवलतीच्या गैरवापराचा मोह जास्त, हा दुवाही दुर्लक्षित राहतो.

आपल्याकडे

महाराष्ट्रात गोराईच्या एस्सेलवर्ल्डनं १९८९ मध्ये मोठ्या उद्यानांचं युग सुरू केलं. जत्रेत पाळण्याचे पैसे पाळण्यापाशी देण्याची सवय असलेल्या पिढीला एकाच तिकिटाची ही व्यवस्था नवी होती. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उभं राहिलं. तिथला नायट्रो हा पायाखाली जमीन नसलेला कोस्टर. अशा कोस्टरमध्ये गाडी सुटण्याआधी फलाटाची जमीन बाजूला सरकवावी लागते आणि परत आल्यावर पुन्हा आणावी लागते. पाय लोंबकळत असल्यानं चपला, मोबाइल, चष्मे, ओढण्या यांची व्यवस्था हा फलाटावरचा खरा वेळखाऊ भाग.

इमॅजिका आणि दक्षिणेतली वंडरला या दोन्ही साखळ्यांनी जादा पैशांत प्राधान्य विकलं आहे. आपल्याकडे मात्र या विषयावर सार्वजनिक चर्चा जवळजवळ नाही. खरं तर तिची सामग्री आपल्याजवळ आहे. तिरुपतीचं ३०० रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन असो वा इतर देवस्थानांतल्या पासच्या रांगा, पैसे भरून पुढे जावं का यावर मराठी घरांत दोन्ही बाजूंनी पोटतिडकीनं बोललं जातं. उद्यान देवळाइतकं पवित्र नाही, पण प्रश्नाचा गाभा तोच आहे. शिवाय इथल्या गर्दीची घडण वेगळी: शाळांच्या सहली, दिवाळी आणि मे महिना, शनिवार-रविवार, वीस-वीस जणांचे नातेवाइकांचे गट, पावसात थांबणाऱ्या उघड्या राइड. परदेशी पद्धती जशाच्या तशा उचलून इथे बसतील असं नाही.

काय सुटलेलं नाही

काही गोष्टी पुरेशा स्पष्ट आहेत. रांग कमी करण्याचे खरे मार्ग दोनच: अधिक आसनं, आणि असलेली आसनं वेळेवर भरून सोडणं. रांग सजवल्यानं ती सुसह्य होते, आखूड होत नाही. प्राधान्याची कुठलीही पद्धत, मोफत वा विकत, मुख्यतः प्रतीक्षेची वाटणी बदलते.

उरलेलं मोकळं आहे. कोस्टरच्या किती टक्के जागा प्राधान्याच्या रांगेला द्याव्यात? त्या आकड्याला काही मर्यादा असावी का, आणि ती कुणी घालावी? विकत प्राधान्याचं उत्पन्न खरोखर नव्या क्षमतेत जातं की रांग लांब राहण्यातच कंपनीचा फायदा तयार होतो? ताशी लक्ष्य आणि सुरक्षितता यांत कर्मचाऱ्याला निर्भयपणे थांबण्याचा अधिकार कसा द्यायचा? आरक्षण मोबाइलवर गेलं की आजी-आजोबांनी आणि साधा फोन असलेल्यांनी काय करायचं?

यातले बरेच प्रश्न माहितीअभावी अडले आहेत, कारण उद्यानं दाराशी मिनिटं सांगतात पण ताशी प्रत्यक्ष किती माणसं गेली आणि त्यातली किती प्राधान्याच्या वाटेनं, हे सांगत नाहीत. हे दोन आकडे रोज जाहीर झाले, तर किंमतवाद्यांना आपला दावा सिद्ध करता येईल, समतावाद्यांना आपली तक्रार मोजता येईल आणि साध्या रांगेत मूल कडेवर घेऊन उभ्या असलेल्या आईला आपण कशासाठी थांबलो आहोत हे कळेल. वाद त्यानं मिटणार नाही. पण तो ऐकीव समजुतींऐवजी आकड्यांवर उभा राहील, आणि या क्षेत्राला आज त्याचीच सर्वांत जास्त गरज आहे.